उभ्या रेघा, आडव्या रेघा

हल्ली कुणाचंही नवं घर बघायला जा, टीव्हीमागच्या भिंतीवर उभ्या पन्हळी पट्ट्या असतातच. त्यांना फ्लुटेड पॅनेल म्हणायचं. उभ्या रेघांमुळे छत उंच भासतं, असं इंटिरियरवाले सांगतात. त्याच छताची अर्धा-पाऊण फूट उंची त्यांनी आधीच फॉल्स सीलिंगसाठी खाल्लेली असते, तेव्हा निदान भासाने तरी परत द्यायला हवी! हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने मात्र १८६७ सालीच उलटं लिहून ठेवलंय: सारख्या मापाच्या दोन चौरसांपैकी आडव्या रेघांचा उंच दिसतो आणि उभ्या रेघांचा रुंद. ही बातमी पॅनेलच्या दुकानांपर्यंत पोचलेली नाही. पोचवूही नये, लोकांचे हप्ते चालू आहेत.

वाड्यांत रेघ मुद्दाम काढावी लागत नसे. तुळयांवर कड्या, कड्यांवर फळ्या, की झाला कडीपाट. आडवं पडून वर पाहिलं की समांतर रेघाच रेघा, आणि त्यातली प्रत्येक कडी वरचा मजला, त्यावरचं बिऱ्हाड आणि त्या बिऱ्हाडाचं भांडण पेलून धरायची. खोलीचं मापसुद्धा खणांत. लाकूड झेपेल तेवढाच खण, उगाच हौस नाही. आताच्या सीलिंगमधली ती उजेडाची पट्टी काय पेलते? धूळ. तीही दिवाळीपर्यंतच.

तिरप्या रेघेला मात्र घरात कुणी विचारत नाही. हॉलंडमध्ये १९१७ साली सुरू झालेल्या ‘दे स्टाइल’ चळवळीतल्या मोंद्रियानला चित्रात उभी आणि आडवी, एवढ्या दोनच रेघा मान्य होत्या. सहकारी वान डूसबुर्ग तिरप्या रेघांच्या नादी लागला. इतर कुरबुरीही असतील, पण या तिरपेपणावरून दोघांचं बिनसलं आणि मोंद्रियान चळवळीतून बाहेर पडला. एवढा सरळमार्गी माणूस आमच्याकडच्या गॅलरीत दोन मिनिटं टिकला नसता. कपड्यांच्या दोरीचं एक टोक खिडकीच्या गजाला, दुसरं हाताला लागेल त्या पाइपला. त्यामुळे रेघ तिरपी, आणि ओली चादर पडली की मधोमध झोल. डिझायनरच्या ड्रॉइंगमध्ये ही दोरी कधीच नसते.

एका घरी काम पुरं झाल्यावर डिझायनर फोटो काढायला आला. म्हणाला, “आजी, तेवढी दोरी सोडता का? फोटोत लाइन बिघडतेय.”

आजी म्हणाल्या, “सोडते की. चादर तेवढा वेळ तू धर.”