वर्षाला शंभर डॉलरवाल्या आमदारांस

अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्याचे सन्माननीय आमदारसाहेब यांस,
तासगावच्या एका मतदाराचा सप्रेम नमस्कार.

तुमच्या राज्याची वस्ती १४ लाख आणि एकट्या खालच्या सभागृहात आमदार ४००! पगार वर्षाला १०० डॉलर, तोही १८८९ पासून तेवढाच. वाचून पोटात कालवलं. आमच्या सातारा-सांगलीत २०११ च्या जनगणनेत ५८ लाख माणसं भरली, आमदार १६. तुमच्या वाट्याला साडेतीन हजार माणसं येतात. तेवढी तर इथं एका बऱ्यापैकी लग्नात जेवून उठतात, आणि आमदार अक्षता टाकून पुढच्या मांडवात पोचलेला असतो.

तुमचं चुकलं कुठं, सांगू? आधी संस्था काढायची. पतंगराव कदमांनी भारती विद्यापीठ १९६४ ला काढलं, आमदारकी १९८५ ला आली. राजारामबापू पाटलांचा साखर कारखाना आहे. त्यांचे चिरंजीव जयंतराव १९९० पासून सलग आठ वेळा निवडून आलेत. तुमच्याकडं ऊस नाही, तिथंच घोडं पेंड खातंय.

आमच्या आर. आर. पाटील आबांचा कित्ता मात्र गिरवू नका. अंजनीचा हा माणूस. ना कारखाना, ना कॉलेज. १९७९ ला जिल्हा परिषदेत गेले, अकरा वर्षं तिथंच घासली, मग कुठं विधानसभा. ग्रामविकास मंत्री झाले तर गाडगेबाबांच्या नावानं स्वच्छता अभियान काढून गावागावांना हागणदारीची लाज वाटायला लावली. मंत्र्यानं करायची कामं का ही? पुढं गृहमंत्री झाले आणि २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर त्यावर बोललेल्या एका वाक्यापायी खुर्ची गेली. तरी तासगावनं एकूण सहा वेळा निवडून दिलं. २०१५ ला आबा गेले. पोटनिवडणुकीत त्यांच्या पत्नी सुमनताई, २०२४ ला पंचविशीतले चिरंजीव रोहित. अपवाद म्हणून मिरवत होतो, त्या घरानंही शेवटी नियम पाळला. (मतं आम्हीच दिली, हे खरं.)

तर इकडं यायचा विचार असेल तर सकाळी रक्षाविसर्जनाला हजर राहायची सवय आत्तापासून लावून घ्या. भाषण नाही जमलं तरी चालतं. मयताला आला नाही, हे पिढ्यान्‌पिढ्या लक्षात राहतं. आणि टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांचं पाणी कुणी आणलं, असं चारचौघांत विचारू नका. एका कालव्याला पाच भगीरथ निघतील, आणि पाचांचेही फ्लेक्स तयार असतील.

कळावे, लोभ असावा.
आपला,
एक मतदार
(मत अजून ठरलेलं नाही)