आधी कौतुक, मग कारलं

आप्पा बँकेतून निवृत्त झाले तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता हे सकाळी टेकडीवर जातील आणि संध्याकाळी नातवाला खेळवतील. आप्पा टोस्टमास्टर्स क्लबात गेले. राल्फ स्मेडली नावाच्या गृहस्थांनी 1924 साली कॅलिफोर्नियात लोकांना बोलतं करायला हा उद्योग सुरू केला. शंभर वर्षांनी त्याची झळ आमच्या सोसायटीला लागेल, असं त्यांच्या स्वप्नातही आलं नसेल.

तिथे ऐन वेळी विषय देऊन उभं करतात. एका मिनिटाला हिरवं कार्ड, दीडला पिवळं, दोनला लाल. 'अं' आणि 'म्हणजे' मोजायला वेगळा माणूस. मग अभिप्राय: आधी कौतुक, मध्ये सुधारणा, शेवटी पुन्हा कौतुक. थोडक्यात, कारल्याला वरून-खालून गूळ. आप्पांना भाषणापेक्षा अभिप्रायच मानवला. त्यात स्वतःला काही सुचावं लागत नाही.

तेव्हापासून तिन्ही कार्डं सदऱ्याच्या खिशात. वार्षिक सभेत पाण्याच्या टाकीवरून खजिनदार सेक्रेटरींवर घसरले. आप्पांनी शांतपणे लाल कार्ड वर धरलं. "सुरुवात जोरदार. हातवारे अगदी नैसर्गिक. फक्त 'निर्लज्ज' चारदा आला, त्यामुळे त्याची धार गेली. आणि टाकीचं करायचं काय, ते राहिलंच. बाकी आवाज मागच्या रांगेपर्यंत पोचला!" गंमत म्हणजे आप्पांचं खरं होतं. टाकीचं काय करायचं, याबद्दल तासाभरात कोणी अवाक्षर काढलं नव्हतं.

पुतणीच्या लग्नात नव्या नवरीने लाजत उखाणा घेतला. टाळ्या थांबायच्या आत आप्पा म्हणाले, "यमक उत्तम. नजर मात्र जिलबीवर होती. श्रोत्यांकडे बघावं."

काकूंचं बोलणं कायमच ऐन वेळचं, बिनतयारीचं आणि लाल कार्डाला भीक न घालणारं. परवा आप्पांच्या देखत दूध उतू गेलं आणि काकू सुरू झाल्या. आप्पा मन लावून ऐकत होते. "आवाजातला चढउतार सुरेख. पण 'तुम्ही नेहमीच' हे फार मोघम होतं. एखादं ठोस उदाहरण दे."

काकू क्षणभर थांबल्या.

"शेवटपर्यंत ऐकलंत, हे आवडलं. आता उठून ओटा पुसलात तर आणखी आवडेल. तुम्ही पुसलात की चकचकीत होतो, हे मात्र खरं."

आप्पा उठले. हिरवं कार्ड काढायलासुद्धा वेळ मिळाला नाही.