आधीच सांगून ठेवतो

नगर जिल्ह्यातल्या कुठल्याही बऱ्यापैकी पतसंस्थेत किंवा साखर कारखान्यात जा. जिथला एसी माणसांसाठी नसून सर्व्हरसाठी असतो, त्या खोलीत भर मे महिन्यात स्वेटर घातलेले एक गृहस्थ बसलेले दिसतील. कागदोपत्री संगणक विभागप्रमुख, विभागात एकटेच. ‘आधीच सांगून ठेवतो’ याशिवाय त्यांचं वाक्य सुरू होत नाही, म्हणून सगळे त्यांना ‘आधीच भाऊ’ म्हणतात.

भाऊंचा माणसांवरचा विश्वास २००७ साली उडाला. त्याआधी लिनक्समध्ये जुन्या आयडीई हार्डडिस्कला ‘एचडीए’ म्हणत. मग नवा ड्रायव्हर आला, फेडोरा ७ या लिनक्सच्या आवृत्तीनं तो उचलला आणि तीच डिस्क, त्याच केबलला, एका रात्रीत ‘एसडीए’ झाली. कुठली डिस्क कुठे जोडायची हे सांगणाऱ्या ज्यांच्या एफएसटॅब फाइलीत जुनं नाव होतं, त्यांना सकाळी मशीन विचारू लागलं, एचडीए कोण? तेव्हापासून भाऊंनी इशाऱ्यांचं व्रत घेतलं, ते आजतागायत सुटलेलं नाही.

अपडेट जवळ आला की फलकावर नोटीस लागते: ‘सर्व संबंधितांस कळविण्यात येते की, ड्रायव्हर अद्ययावत केल्यानंतर डिस्कच्या नावात बदल संभवतो.’ शिपाई ती मोठ्यानं वाचतो. कॅशियरचा चेहरा पडतो. “म्हणजे परत नवे शिक्के करायचे का हो?”

प्रश्न चुकीचा नाही. मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं नगरच्या ‘अहिल्यानगर’ या नव्या नावाला मंजुरी दिली, तेव्हापासून नाव बदलणार म्हटलं की इथला माणूस आधी छापखाना गाठतो.

मॅनेजरसाहेबांना मात्र मुळातून समजावलं जातं. “साहेब, मशीन सुरू होताना जी डिस्क आधी सापडेल तिला ‘ए’, नंतरचीला ‘बी’. चेअरमनसाहेबांचा पेनड्राइव्ह लावलेला राहिला आणि तोच आधी सापडला, तर तो ‘ए’ होऊन बसेल. म्हणून नावावर जायचं नाही. आपल्या गावाचं नाव बदललं, पण पिन ४१४००१च, फोनचा कोड ०२४१च, गाडीवर एमएच १६च. तसा डिस्कवरच्या फाइल सिस्टमला यूयूआयडी असतो. एफएसटॅबमध्ये तो लिहायचा.”

“अहो, मग हे इतकं सोपं आधी का नाही सांगितलं?”

“सांगितलं होतं. मागच्या नोटिशीत, तिसऱ्या पानावर. आणि डिस्क फॉरमॅट केली की तोही बदलतो, आधीच सांगून ठेवतो.”

भाऊंचं म्हणणं सहसा खोटं ठरत नाही. खोट आहे ती मांडणीत. यूपीएसची बॅटरी, कीबोर्डवरचा चहा, सर्व्हरच्या खोलीत ठेवलेले डबे आणि डिस्कचं बदलणारं नाव, या सगळ्यांना त्यांच्याकडे एकाच मापाचा ठळक टाइप आणि तीन उद्गारचिन्हं. मग चहाच्या नोटिशीला हसणारे लोक डिस्कच्या नोटिशीलाही हसतात. आणि ज्या दिवशी मशीन खरंच अडून बसतं, त्या दिवशी भाऊंच्या चेहऱ्यावर दुःखापेक्षा समाधानच जास्त दिसतं, हेही लोकांना खुपतं.

तुमच्या कचेरीत असे भाऊ असतील, तर पुढच्या अपडेटआधी त्यांच्याकडून यूयूआयडी दाखवणाऱ्या बीएलकेआयडी या आज्ञेच्या उत्तराचा छापील कागद मागून घ्या, एफएसटॅबमध्ये कुठे ‘एसडीए’ उरलं असेल तर तिथे यूयूआयडी घालायला सांगा, आणि चेअरमनसाहेबांचा पेनड्राइव्ह तेवढा काढून ठेवा.