क्रमवारीकार

क्रमवारीकार हा मुंबई परिसरात बारमाही आढळणारा प्राणी. नवी मुंबईतल्या सारसोळ्यात तो सकाळी चहाच्या टपरीवर दिसतो आणि संध्याकाळी जेट्टीवर. वय पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे, वरच्या खिशात एक पेन आणि एक पेन्सिल. आयुष्यात त्याने कुणाला सायकलसुद्धा शिकवलेली नसते. खेळाडूंची क्रमवारी कुणीही लावतो, म्हणून त्याला त्यात रस नाही. तो लावतो प्रशिक्षकांची. खेळाडूच्या धावा पेपरात छापून येतात आणि वाद लवकर मिटतो. प्रशिक्षकाचं श्रेय कुठेच छापलेलं नसतं, त्यामुळे तोच वाद रात्री साडेअकरापर्यंत पुरतो.

यादीत पहिला क्रमांक रमाकांत आचरेकरांचा. त्यावर चर्चा होत नाही, होऊ दिली जात नाही. पुरावा प्रात्यक्षिकासह मिळतो. बिस्किटाचा पुडा टपरीच्या फळीवर उभा करायचा, त्यावर रुपयाचं नाणं ठेवायचं आणि समजावायचं: हा स्टंप, हे सरांचं नाणं, सचिनला बाद करील त्याचं, नाहीतर सचिनचं. अशी 13 नाणी सचिनकडे आहेत. प्रात्यक्षिक संपेपर्यंत टपरीवाल्याने नाणं मागच्या उधारीत जमा केलेलं असतं. आचरेकर स्वतः प्रथम श्रेणीचा एकच सामना खेळले, हे क्रमवारीकार त्यांच्या बाजूने सांगतो. दुसऱ्या कुणाची हीच गोष्ट असती, तर ती विरोधात गेली असती. शिवाय 2019 च्या जानेवारीत सर गेले, त्यामुळे आता त्यांचा संघ हरण्याची भीती नाही. यादीत अढळपद मिळायला एवढी सोय लागतेच.

खरी पंचाईत चंद्रकांत पंडितांपाशी होते. प्रशिक्षक म्हणून त्यांच्या नावावर सहा रणजी करंडक आहेत: मुंबईसाठी तीन, विदर्भासाठी लागोपाठ दोन आणि मध्य प्रदेशासाठी एक. आकडे बघितले तर यांच्यापुढे कुणाला बसवायचं हाच प्रश्न पडावा. पण 2022 च्या बेंगळुरूतल्या अंतिम सामन्यात मध्य प्रदेशाने हरवलं ते नेमकं मुंबईला. त्याच मैदानावर 1999 मध्ये पंडित मध्य प्रदेशाचे कर्णधार म्हणून अंतिम सामना हरले होते. तेवीस वर्षांनी ते उट्टं काढून रडले. दगडालाही पाझर फुटला असता. क्रमवारीकाराने त्यांना दुसऱ्यावरून नवव्या क्रमांकावर नेलं. पंडितही आचरेकरांचेच शिष्य, ही गोष्ट त्या आठवड्यात त्याला आठवली नाही.

राहुल द्रविडांचं स्थान भरती-ओहोटीवर चालतं. 2023 च्या नोव्हेंबरात भारत विश्वचषकाचा अंतिम सामना हरला तेव्हा ते तळाला होते, पुढच्या जूनमध्ये ट्वेंटी-20 विश्वचषक जिंकल्यावर तिसरे. आणि त्या जूनच्या अंतिम सामन्यातल्या शेवटच्या पाच षटकांत दोनदा वर-खाली झाले.

हा रोग इथलाच नाही. अमेरिकन फुटबॉलमध्ये डॉन शुलांचे 347 विजय मोठे की बिल बेलिचिकांचे 333 विजय आणि सहा सुपर बोल, यावर तिकडचे क्रमवारीकार जेवण थंड होऊ देतात. न्यू जर्सीतला भाचा फोनवर हे सांगू लागला, की सारसोळ्यातला निकाल लगेच लागतो. शुलांचा संघ 1972 च्या मोसमात एकही सामना हरला नाही? मग विषय संपला. खेळ पाहिलेला नसला की निकाल फार स्वच्छ लागतो. तिथला सर्वोच्च चषक विन्स लोम्बार्डी या प्रशिक्षकाच्या नावाने आहे, हे ऐकून मात्र त्याचा चहा खाली ठेवला जातो. आपल्याकडे रणजी काय, दुलीप काय, राजघराण्यातली नावं. मास्तरांच्या वाट्याला सत्काराची शाल.

गावच्या टेनिस-बॉल संघाला प्रशिक्षक नाही. सीमारेषेबाहेरून चौदा जण एकदम सूचना देतात, त्यात सर्वांत मोठा आवाज क्रमवारीकाराचा.

2025 च्या ऑक्टोबरमध्ये महिला विश्वचषकात भारत लागोपाठ तीन सामने हरला, तेव्हा संघाचे प्रशिक्षक अमोल मुजुमदार हे नाव यादीतून पेनने खोडलं गेलं. भारताकडून एकही सामना न खेळलेला माणूस काय शिकवणार, हे कारण दिलं गेलं. आचरेकरांची बाब वेगळी, असं वर बजावलं. मग उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाविरुद्ध 339 धावांचं आव्हान पार झालं आणि 2 नोव्हेंबरला अंतिम सामन्यात दक्षिण आफ्रिका 52 धावांनी हरली. दोन्ही सामने नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर, म्हणजे सारसोळ्यातून रिक्षाने जाण्याच्या अंतरावर. 1988 मध्ये सचिन आणि कांबळी 664 धावा काढत होते, तेव्हा पॅड बांधून पुढच्या फलंदाजाची जागा धरून बसलेला मुलगा हाच मुजुमदार, हे दुसऱ्या दिवशी टपरीवर सर्वांना सांगण्यात आलं. शिष्य आचरेकरांचा, हे तीनदा.

मुजुमदार सध्या दुसऱ्या क्रमांकावर आहेत. नाव पेन्सिलने लिहिलेलं आहे.