भावसाहेब

म्युनिकच्या मुख्य स्टेशनाच्या दक्षिणेला तुर्की आणि भारतीय वाणसामानाच्या दुकानांची गर्दी आहे. शनिवारी दुपारी तिथे एखादा मराठी माणूस कोथिंबिरीच्या जुडीसमोर डोळे अर्धवट मिटून ओठ हलवताना दिसला, तर तो नामस्मरण करत नसतो. गुणाकार करत असतो. जुडी दीड युरोची. युरो हल्ली शंभरी ओलांडलेला. म्हणजे दीडशे रुपयांच्या वर! जुडी खाली ठेवली जाते. "पुण्यात भाजीवर फुकट मिळते," असं तो स्वतःशी, पण दुकानदाराला ऐकू जाईल अशा बेताने म्हणतो. दुकानदाराला मराठी येत नाही. पण हेच वाक्य त्याने तमिळमध्ये, गुजरातीत, पंजाबीत इतक्यांदा ऐकलेलं असतं की नुसत्या चेहऱ्यावरून त्याला अर्थ लागतो. तेवढ्यात मागून वहिनी येतात आणि तीच जुडी उचलून टोपलीत टाकतात.

आम्ही या गृहस्थांना भावसाहेब म्हणतो. खरं नाव सांगण्यात अर्थ नाही, कारण ते एकटे नाहीत. लंडनला पौंडात, दुबईला दिरहमात, न्यू जर्सीत डॉलरात हिशेब करणारे भावसाहेब घरटी एक सापडतील. आमचे म्युनिकचे, एवढाच काय तो फरक.

भावसाहेबांचा जन्म विमानतळावर झाला नाही. नोकरीचं पत्र हातात पडलं त्या रात्री झाला. साल २०१६, वार्षिक पगार साठ हजार युरो, आणि युरो तेव्हा पंचाहत्तरच्या आसपास. गुणाकार झाला, उत्तर आलं पंचेचाळीस लाख. हा आकडा रात्री आईला, सकाळी मावशीला आणि दुपारपर्यंत सगळ्या सोसायटीला कळला. त्यातून प्राप्तिकर जातो; शिवाय आजारपणाचा, म्हातारपणातल्या शुश्रूषेचा, निवृत्तीचा आणि बेकारीचा असे चार विमे कापले जातात आणि एकट्या माणसाच्या हातात महिन्याला तीन हजारांच्या आत-बाहेर पडतात, हे पहिल्या पगाराच्या चिठ्ठीवर समजलं. पण तोवर मावशीने तीन स्थळं आणली होती.

निघण्याआधी त्यांनी एक्सेलमध्ये खर्चाचा तक्ता केला. घरभाडं, किराणा, प्रवास, फोन, घरी पाठवायचे पैसे असे रकाने पाडले. सगळ्यात खाली, कुठे बसत नाही ते बसवायला, एक रकाना: किरकोळ, पन्नास युरो. पहिल्या वर्षात त्यांच्या आयुष्यात जे जे घडलं, ते सगळं या किरकोळमध्ये घडलं.

पहिला धक्का घराचा. जाहिरातीत मोठ्या अक्षरांत छापलेलं भाडं हे 'काल्टमीटे', म्हणजे नुसत्या भिंतींचं. खोल्या गरम ठेवणं, पाणी, जिन्याची सफाई, कचरा हे सगळं त्यावर. वीज आणि इंटरनेट बहुधा त्याच्याही बाहेर. अनामत रक्कम कायद्याने नुसत्या भाड्याच्या तिप्पट घेता येते, आणि घरमालक मंडळी या बाबतीत कायद्याचा पूर्ण मान राखतात. ती तीन हप्त्यांत द्यायची मुभाही त्याच कायद्यात आहे, हे भावसाहेबांना एकरकमी भरल्यावर कळलं. आजही कुणी 'कायदा' म्हटलं की त्यांच्या कपाळावर तीन आठ्या पडतात, हप्त्यामागे एक.

मग घराची किल्ली मिळाली. आत गेले तर स्वयंपाकघरात ओटा नाही, शेगडी नाही, बेसिनही नाही. भिंतीतून पाण्याचा एक पाइप तेवढा डोकावतोय. छताला दिव्यांच्या जागी नुसत्या वायरी. भावसाहेबांना वाटलं, चोरी झाली. जर्मनीत भाडेकरू घर सोडताना स्वयंपाकघर उपटून नेऊ शकतो, किंवा नव्या भाडेकरूला विकू शकतो, ही गोष्ट पुण्यातल्या कुठल्याच सल्लागाराने सांगितली नव्हती. तेवीस किलोच्या दोन बॅगांमध्ये त्यांनी कुकर, त्याच्या दोन जादा शिट्ट्या, पोळपाट आणि किसणी आणली होती. पोळपाट आला, ओटा राहिला. ओटा, शेगडी, दिवे आणि बसवणाऱ्याची मजुरी हा सगळा खर्च तक्त्यात कुठे लिहायचा, यावर विचार झाला. किरकोळमध्ये लिहिला.

पत्ता नोंदवल्यावर थोड्याच दिवसांत एक पत्र आलं. आकाशवाणी-दूरदर्शनची वर्गणी भरा. हल्ली ती घरटी महिना १८.३६ युरो आहे. भावसाहेबांकडे टीव्ही नव्हता, रेडिओ नव्हता आणि जर्मनही नव्हतं. ओळखीच्याकडून तसं उत्तर लिहून घेऊन पाठवलं. उलट टपाली समजलं की टीव्ही असण्यानसण्याशी याचा संबंध नाही. घर आहे ना, मग भरा. तेव्हापासून ते रोज रात्री लॅपटॉपवर जर्मन बातम्या लावतात. एक अक्षर कळत नाही, पण पैसे वसूल झाल्याशिवाय झोप येत नाही.

विम्याचंही तसंच. दर महिन्याला एवढी रक्कम कापली जाते, तर उपभोग घ्यायला नको? पहिल्या सर्दीला ते डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी तपासलं, मान डोलावली आणि सांगितलं, गरम चहा प्या, दोन-तीन दिवस झोपून राहा. औषध नाही, इंजेक्शन नाही. "हे आजी सांगायची," भावसाहेब म्हणाले, "आणि तिचा प्रीमियम नव्हता."

हळूहळू मात्र त्यांनी या देशावर सूड उगवायला सुरुवात केली, आणि तोही देशाच्याच नियमांनी. बव्हेरियातल्या बिअर गार्डनमध्ये स्वतःचा डबा नेऊन खायची परवानगी आहे. १८१२ साली राजा माक्सिमिलियानने दारूभट्टीवाल्यांना तळघराच्या अंगणात बिअर विकू दिली, पण जेवण विकायला मनाई केली. तेव्हापासून लोक आपलं खाणं आपण आणतात. हा इतिहास समजला त्या दिवशी भावसाहेबांचे डोळे पाणावले. आता उन्हाळ्यात दर रविवारी चेस्टनटच्या झाडाखाली त्यांची पंगत बसते. थालीपीठ, दाण्याची चटणी, दही. एक लिटरचा मग तिघांत. पाचशे-हजार माणसांच्या त्या अंगणात सगळ्यात आनंदी चेहरा त्यांचा असतो, आणि त्या राजाची तसबीर देव्हाऱ्यात लावायची तेवढी बाकी आहे.

हॉटेलात जायची वेळ आली तर दुसरा नियम. इथे पाणी फुकट मिळत नाही आणि बाटलीबंद पाण्याची किंमत बघून तहान जाते. पण जिथे दारू मिळते तिथे किमान एक बिनदारूचं पेय सगळ्यात स्वस्त दारूहून महाग असता कामा नये, असं कलम आहे. भावसाहेबांचं जर्मन अजून 'गुटन टाग'च्या फार पुढे गेलेलं नाही, पण हे कलम तोंडपाठ. वेटर ते ऐकून घेतो आणि सफरचंदाचा रस आणतो. भावसाहेबांना सफरचंद आवडत नाही. तत्त्वासाठी पितात.

गणेशोत्सवात ते दरवर्षी आपणहून स्वच्छता समितीचे प्रमुख होतात. नव्या मंडळींना त्यांच्या सेवाभावाचं कौतुक वाटतं. जुन्यांना ठाऊक आहे की प्लॅस्टिकची रिकामी बाटली दुकानातल्या यंत्रात परत घातली की पंचवीस सेंट मिळतात. पंचवीस गुणिले शंभर करायची गरजच नाही, पंचवीस रुपये! आरतीच्या वेळी त्यांची एक नजर मूर्तीवर आणि दुसरी कोणाची बाटली संपत आलीय त्याच्यावर असते. जमलेले पैसे मात्र ते मंडळाच्या पेटीत टाकतात, पावतीसह. लोभ पैशाचा नाही, बाटली वाया जाऊ नये याचा आहे.

२०२३ च्या मे महिन्यात ४९ युरोंत देशभर फिरायचा मासिक पास निघाला. पुढे तो ५८ झाला, २०२६ पासून ६३. दर वाढीच्या बातमीला भावसाहेबांनी सुतक पाळलं. हा पास जलद गाड्यांना चालत नाही. जलद गाडीने बर्लिन चार-साडेचार तासांवर. भावसाहेब सहकुटुंब निघाले ते प्रादेशिक गाड्या बदलत बदलत, सकाळचा डबा, दुपारचा डबा आणि चहाचा थर्मास घेऊन. पोचले तेव्हा अंधार पडला होता. वहिनींनी ब्रांडेनबुर्ग गेट पाहिलं आणि परतीचं तिकीट स्वतःच्या पगारातून जलद गाडीचं काढलं.

केस, दात आणि चष्मा ही तीन खाती त्यांनी भारताकडे सोपवली आहेत. केस कापायचे पंचवीस-तीस युरो द्यायचे नाहीत म्हणून ते डिसेंबरमध्ये पुण्यातच कापले जातात. त्यामुळे आम्हाला कॅलेंडर बघावं लागत नाही. केस कॉलरखाली उतरले की दिवाळी जवळ आली समजायचं, खांद्याला टेकले की त्यांचं विमान.

आणि पुण्यात पोचल्यावर खरी गंमत सुरू होते. भावसाहेबांच्या डोक्यातला युरो रोज बदलतो. सकाळी उठल्यावर फोनवर पहिल्यांदा तोच बघतात. पुणे मात्र २०१६ मध्येच थांबलंय, जिथे रिक्षाचं पहिलं भाडं अठरा रुपये आहे आणि कोथिंबीर भाजीवर फुकट. रिक्षावाला पंचवीस म्हणतो तेव्हा ते त्याच्याशी हुज्जत घालतात. भाजीवाली "तीस रुपये जुडी" म्हणते तेव्हा थक्क होतात. "अहो, वरून द्यायची असते ना?" "वरून पाऊस पडतो दादा, कोथिंबीर न्हाई." कॅफेत दोन कॉफ्यांचं बिल साडेसहाशे येतं आणि भावसाहेब सवयीने भागाकार करतात: साडेसहा युरो. म्युनिकमध्ये सात-साडेसात पडले असते. म्हणजे नऊ वर्षं ज्या स्वस्त पुण्याच्या मापाने ते म्युनिकला मोजत होते, ते पुणे राहिलेलंच नाही! हा शोध त्यांना दर डिसेंबरात नव्याने लागतो आणि जानेवारीत विमानातून उतरताना ते तो विसरतात.

अशा माणसाला आपण कंजूष म्हणून मोकळे झालो असतो. पण गेल्या डिसेंबरात एके दुपारी त्यांनी हिंजवडीला फ्लॅट घेतला. बिल्डरच्या माणसाने एक कोटी सांगितले. भावसाहेबांनी छताकडे पाहिलं. "भागिले शंभर... एक लाख युरो? अरे, म्युनिकमध्ये एवढ्यात एक धड खोली येत नाही!" चहा गार व्हायच्या आत टोकन दिलं. हप्ता सत्तर हजार. "म्हणजे सातशे युरो, फक्त." फ्लॅटला कुलूप आहे, मेंटेनन्स चालू आहे, वडील महिन्यातून एकदा जाऊन नळ सोडून येतात.

भावसाहेबांचं गणित चुकत नाही, चिन्ह चुकतं. जो युरो इथे मिळतो आणि इथेच संपतो, त्याचं रुपयाशी काही नातं नाही. तो पगाराशी ताडून बघायचा. पहिल्या वर्षीचा पगार धरला तरी त्यांच्या हातात तासाला अठरा युरो पडत होते. त्या हिशेबाने दीड युरोची जुडी म्हणजे पाच मिनिटांचं काम, आणि भावसाहेब तिच्यासमोर दहा मिनिटं उभे राहतात. रुपयांत तोलायचा तो मायदेशी जाणारा पैसा: आईवडिलांचा, कर्जाचा, कुलूप लावलेल्या फ्लॅटचा. तिथे नेमका ते भागाकार करतात आणि पुढे 'फक्त' लावतात. शेंगा मोजून घ्यायच्या आणि शेत न बघता खरेदी करायचं, असा हा कारभार.

तरीही नवा कोणी म्युनिकला येणार असला की आम्ही त्याला भावसाहेबांकडेच पाठवतो. त्यांचा तक्ता आता पार बदललाय. किरकोळ सगळ्यात वर गेलंय आणि त्यापुढे तीनशे युरो आहेत. पहिल्या महिन्याचा वेगळा कागद आहे: अनामत, ओटा, दिवे, थंडीचे बूट, वर्गणी. हा तक्ता किती जणांना वाचवून गेला असेल! तो ते पैसे न घेता, शिवाय कॉफी पाजून देतात.

परवा असाच एक विद्यार्थी त्यांच्याकडे बसला होता. व्हिसासाठी ११,९०४ युरो बँकेत अडकवून आलेला; त्यातले महिन्याला ९९२ मिळायचे, आणि खोलीच मुळी सातशेची. भावसाहेबांनी दोन तास रकान्यारकान्याने समजावलं. पोराने सगळं लिहून घेतलं. मग त्याची नजर भिंतीवरच्या हिंजवडीच्या फोटोकडे गेली.

"दादा, यात फ्लॅटचा हप्ता कुठे लिहिलाय?"

"तो खर्च नाही रे, गुंतवणूक आहे. आणि भागून बघ, काहीच नाही."

पोराच्या डोक्यात प्रकाश पडला. "म्हणजे माझं शिक्षणाचं वीस लाखांचं कर्ज पण भागिले शंभर? वीस हजार, फक्त?"

भावसाहेबांनी कॉफीचा कप खाली ठेवला. "गाढवा," ते म्हणाले, "भागाकार नोकरी लागल्यावर करायचा. तोवर गुणाकारच!"