छत्तीस गुणी टाकी

प्रत्येक सोसायटीत एक अण्णा असतात. आमचे अण्णा माणसांची लग्नं जमवत नाहीत, माशांची जमवतात. कुणाकडे फिश टँक येणार ही बातमी लिफ्टने वर पोचायच्या आत अण्णा दारात हजर. चहा बिनसाखरेचा, खिशात लाल पेन. स्वतःच्या घरी मात्र ते कुणाला बोलवत नाहीत.

मी दोन फुटी टाकी आणली तेव्हा यादी तयार होती: दोन गोल्डफिश, दोन एंजल, दहा निऑन टेट्रा, चार टायगर बार्ब, एक फायटर, थोडे गप्पी आणि एक सकर. रंग बायकोने पडद्यांना शोभतील असे निवडले होते. अण्णांनी यादी पत्रिकेसारखी लांब धरून वाचली.

“पाणी किती मावतं?”

“भरपूर.”

“दोन बाय एक बाय एक फूट, म्हणजे छप्पन लिटर. वाळू-दगड घातलेस की पन्नासच्या आसपास. आणि तू वऱ्हाड बोलावलंयस!”

लाल पेन उघडलं. “गोल्डफिशला गार पाणी लागतं, टेट्राला कोमट. घरात एसीवरून भांडणं कमी आहेत का? शिवाय गोल्डफिश खातो फार आणि घाणही तेवढीच करतो. काट. एंजल? नावावर जाऊ नकोस. मोठा झाला की निऑन त्याच्या तोंडात मावतो, आणि मावेल ते गिळायचं एवढंच शास्त्र त्याला ठाऊक. टायगर बार्ब म्हणजे नाक्यावरची पोरं, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या शेपट्या कुरतडणार. फायटरला तर कडक मंगळ! आरशात स्वतःचं तोंड दिसलं तरी कल्ले फुगवतो. गप्पीच्या नराची झुपकेदार शेपटी बघितली की त्याला वाटतं, आला दुसरा फायटर.”

“मग नुसते गप्पी ठेवू? गरीब असतात.”

“गरीबच. डासांच्या अळ्या खायला महापालिका डबक्यात सोडते तेच हे. पण महिन्या-महिन्याला बाळंतपण. नर बाहेर काढलास तरी मादी पुढे कित्येक महिने पिल्लं देत राहते. बारशाचे पेढे वाटून दमशील.”

शेवटी सकर उरला. इथे अण्णा काहीच बोलले नाहीत. त्या नावावर त्यांनी दोनदा रेघ मारली. कागद फाटला.

मग निकाल लागला: “आठ झेब्रा. गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातला मासा, आपल्या हवेला सरावलेला. तळाला पाच कोरीडोरस. वरचे वर पळतील, खालचे खाली चरतील, कुणी कुणाच्या वाटेला जाणार नाही. पण महिना-दीड महिना एकही मासा आणायचा नाही.”

“का?”

“माशांच्या घाणीतून अमोनिया होतो, तो पचवणारे जिवाणू आधी फिल्टरात वस्तीला यायला हवेत. फिल्टर चालू ठेव आणि रोज चिमूटभर खाद्य टाक. ते कुजेल, त्यावर जिवाणू पोसतील.”

पाच आठवडे मी रिकाम्या टाकीला दोन वेळ जेवू घातलं. समोरच्या वहिनींनी एकदा पाहिलं आणि बायकोला बाजूला घेऊन विचारलं, “ऑफिसात काही ताण आहे का यांना?”

पण मासे आले ते टिकले. एकही शेपूट कुरतडली गेली नाही, एकही मासा पोट वर करून तरंगला नाही. पेढ्यांचा पुडा घेऊन मी न सांगता अण्णांच्या घरी गेलो. दार काकूंनी उघडलं. हॉलमध्ये सोफा नव्हता. त्या जागी भिंतभर टाकी होती, आणि तीत एकच मासा: काळा, खवल्याखवल्यांचा, काचेला तोंड चिकटवून बसलेला.

“बसा,” म्हणत काकूंनी स्वयंपाकघरातलं स्टूल आणून दिलं. “चौदा वर्षांपूर्वी आणलाय. दुकानदार म्हणाला, टाकी साफ ठेवतो. तेव्हा टाकी दीड फुटी होती. मग दोन, मग तीन झाली. ही चौथी. तिच्यापायी सोफा गेला.”

अण्णांनी पेढा घेतला आणि खिडकीबाहेर पाहू लागले.

दुकानात सकर दोन इंचांचा असतो. अण्णांचा सकर सव्वा फुटाचा आहे.