घासलेला रुपया

नळदुर्गच्या आमच्या घरी, देव्हाऱ्यातल्या पितळी डबीत, आजीचा हाली रुपया असतो. निजामाच्या टांकसाळीतला, चारमिनाराचा. नवा कोरा असतानाही जेमतेम 11.18 ग्रॅमचा, म्हणजे तोळ्याला जरासा कमीच. तो घेऊन एकदा मी सोलापूरला एका जुन्या नाण्यांच्या जाणकाराकडे गेलो. डोळ्याला भिंग लावून त्यांनी रुपया असा न्याहाळला, की दाखवायला आणलेल्या मुलीसारखा मीच अंग चोरून बसलो. "फार घासलाय हो," ते हळहळले. "काळा पडू दिला असता, तर भाव आला असता."

हे ऐकायला आजी नव्हती, ते बरंच. दर दिवाळीला, लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी, ती चुलीची राख घेऊन तो रुपया घासायची. "लक्ष्मीला मळकं ठिवायचं का रं?" अशा साठ तरी दिवाळ्या झाल्या असतील. चारमिनार आता पावसात भिजलेल्या काचेपलीकडे उभा असावा तसा दिसतो. त्याच हातांनी ती आम्हा नातवंडांची तोंडंही पुसायची. त्या हिशेबानं आमच्यातही संग्राह्य असं कुणी उरलेलं नाही.

तसा या रुपयाचा भाव पहिल्यापासून लहरीच. 1948पर्यंत नळदुर्ग निजामाच्या मुलखात, सोलापूर 1947पर्यंत इंग्रजांच्या. सात हाली मोजले की इंग्रजांचे सहा कलदार रुपये मिळायचे. चांदी तीच, खिसा तोच. हद्द ओलांडली की रुपया अंगानं उतरायचा. आजी म्हणायची, "वाट चालून त्यो बी दमत आसंल."

सोलापूरहून परतताना नळदुर्गच्या किल्ल्यात गेलो. 1613 साली, दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, बोरी नदीवर बंधारा घातला आणि त्याच्याच पोटात पाणीमहाल बांधला. नदी भरली की पाणी डोक्यावरून कोसळतं आणि माणूस आत कोरडा उभा राहतो. चारशे वर्षं बोरी तो दगड घासते आहे, आजीच्याच चिकाटीनं. तिथं मात्र 'फार धुतलाय हो' म्हणून कुणी हळहळत नाही. धार सुटली की लोक गाड्या करून बघायला येतात.

यंदा दिवाळीत डबी उघडली. चुली गेल्या, राख नव्हती. रांगोळीची चिमूट घेतली आणि भिंगवाले गृहस्थ आठवून हात थांबला. थोडा वेळ तसाच बसलो. मग नुसता अंगठा फिरवला, दोनदा. शे-दोनशेचं नुकसान झालं असेल.